उतारवयातील बदली : ठाणे–नवी मुंबईत सेवेसाठी येणाऱ्या मिशनरी दांपत्यांसाठी

बदलीच्या पत्रावर नाव एकाचेच असते. ‘रेव्हरंड अमुक यांची अमुक मंडळीत नेमणूक करण्यात येत आहे’ एवढ्या एका वाक्यात कचेरीचे काम संपते. (मंडळी म्हणजे एका चर्चचे सभासद.) पण भगिनी मंडळ, आजाऱ्यांच्या भेटी, संडे स्कूलची मुले आणि दर शुक्रवारची गृहसभा ज्या बाईने वर्षानुवर्षे सांभाळली, तिचीही त्याच दिवशी बदली होते आणि तिच्या नावाने कागद निघत नाही. आमच्या एकंदर सहा बदल्या झाल्या. शेवटची, नगर जिल्ह्यातील एका गावातून ऐरोलीला, झाली तेव्हा मी ६० वर्षांची होते आणि पाळकसाहेब, म्हणजे माझे पती, ६३ वर्षांचे. तरुणपणीच्या बदल्यांत मुलांच्या शाळेचे दाखले हीच मोठी चिंता असे. या वयात तिची जागा औषधांच्या चिठ्ठ्या, पेन्शनचे कागद आणि दुखरे गुडघे घेतात. त्यामुळे सामान बांधण्याआधी दोघांनी समोरासमोर बसून एक गोष्ट ठरवावी, ती म्हणजे कोणाच्या हातातले कोणते काम कोणाकडे सोपवायचे. घरसामानाचा विचार त्यानंतर करावा.

चार्ज देताना

पाळकाच्या चार्जची रीत ठरलेली असते. बाप्तिस्म्याचे, विवाहाचे आणि दफनाचे रजिस्टर, कमिटीच्या सभांचे इतिवृत्त, खजिनदाराकडील वह्यांचा ताळमेळ, प्रभुभोजनाची भांडी, कपाटांच्या किल्ल्या, हार्मोनियम, चटया, खुर्च्या हे सर्व मोजून यादीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि यादीची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. विवाहाच्या रजिस्टरकडे विशेष लक्ष द्यावे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली झालेल्या लग्नाचा पुरावा म्हणून त्या नोंदीचा उतारा लोक ३०–४० वर्षांनीही मागायला येतात, आणि सही राहून गेलेली एखादी नोंद पुढच्या पाळकाला दुरुस्त करता येत नाही. निघण्यापूर्वी एक दुपार काढून आपल्या काळातील प्रत्येक पान उलटून पाहावे. आमच्या रजिस्टरमध्ये एका साक्षीदाराची सही राहिली होती. तो माणूस अजून गावातच होता म्हणून निभावले.

पाळकिणीच्या चार्जला मात्र अशी रीत नाही, आणि खरे नुकसान तिथेच होते. माझ्याजवळ एक शंभर पानी वही होती. प्रत्येक कुटुंबाला एक पान, वर घरातल्या सर्वांची नावे आणि वाढदिवस, खाली भेटीच्या तारखा. त्याखाली मी काय लिहीत असे, तर म्हातारीला डाव्या कानाने ऐकू येत नाही, तेव्हा उजवीकडे बसावे. घरधनी कारखान्यात रात्रपाळीला असतो, दुपारी चारपूर्वी दार वाजवू नये. या घरी चहा नाकारला तर अपमान समजतात. अशा नोंदी नव्या पाळकीणबाईंच्या हाती पडल्या तर त्यांचे सहा महिने वाचतात. पण त्याच वहीत काही ओळी अशाही होत्या, ज्या त्या कुटुंबांनी केवळ माझ्या भरवशावर सांगितल्या होत्या: एका घरातली सोडून गेलेली सून, दुसऱ्या घरातले कर्ज, तिसऱ्या घरातला असा आजार ज्याचे नाव त्यांनी शेजाऱ्यांनाही सांगितले नव्हते. त्या ओळी दुसऱ्याच्या हाती देण्याचा अधिकार माझा नव्हता. म्हणून मी नवी वही आणली, चार रात्री बसून फक्त देण्याजोगे तेवढे उतरवले, आणि जुनी वही अंगणात बंबात घातली. नव्या बाईंना एवढेच सांगितले, की अमुक तीन घरी पहिल्या महिन्यातच जाऊन या आणि मुलांविषयी आपण होऊन काही विचारू नका. ज्यांना सांगायचे असेल ते स्वतः सांगतात.

भगिनी मंडळाची शिल्लक, भिशी असल्यास तिचा हिशेब, आणि कोणाकोणाचे उसने आणलेले सामान परत करायचे आहे, हेही याच वेळी मिटवावे. निरोपाच्या उपासनेनंतर कोणी पातेल्याची आठवण करून दिली तर फार वाईट दिसते.

घर आणि कागद

ठाणे किंवा नवी मुंबईत मिशनचा बंगला, पुढे अंगण आणि शेजारी चर्च अशी व्यवस्था क्वचितच मिळते. बहुतेक वेळा संस्था भाड्याची सदनिका घेऊन देते, आणि ती निवडताना दांपत्याला विचारले जातेच असे नाही. विचारले गेले नाही तरी आपण होऊन तीन गोष्टी लेखी कळवाव्यात. पहिली, तळमजला किंवा चालू लिफ्ट असल्याशिवाय घर घेऊ नये. सिडकोने बांधलेल्या जुन्या वसाहतींत चार मजली बिनलिफ्टच्या इमारती पुष्कळ आहेत आणि त्यांचे भाडे कमी असल्याने कमिटीची नजर आधी तिकडे जाते. दुसरी, पाणी दिवसातून किती वेळ येते आणि इमारतीला टाकी आहे की नाही, हे दलालाला न विचारता तिथे राहणाऱ्या एखाद्या बाईला विचारावे. तिसरी, रेल्वे स्टेशन पायी किती अंतरावर आहे, कारण मंडळीतील कुटुंबे दिव्यापासून पनवेलपर्यंत पसरलेली असतात आणि प्रत्येक भेटीला रिक्षा परवडत नाही. गावठाणातील घरे स्वस्त आणि प्रशस्त असतात, तिथले आगरी-कोळी शेजारी माणुसकीचेही असतात. मात्र इमारतीला बांधकाम परवानगी आहे का, याचे कागद पाहिल्याशिवाय अनामत रक्कम देऊ नये.

भाडेकरार नोंदणीकृतच असावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदवलेला असणे बंधनकारक आहे, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. आता ही नोंदणी घरबसल्या, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर होते. इथे एक खाच आहे आणि आम्ही तिच्यात अडकलो. करार संस्थेच्या ट्रस्टच्या नावाने झाला होता, त्यात आमची नावे कुठेच नव्हती, त्यामुळे आधारवरचा पत्ता बदलताना तो कागद आमच्या उपयोगी पडला नाही आणि आधारवाचून बँक, गॅस, मतदारयादी सगळेच रखडले. करार होतानाच, तिथे राहणारे म्हणून दोघांचीही पूर्ण नावे त्यात घालायला सांगावीत, आणि आधारच्या पुराव्याला तो कागद चालेल ना, हे आधी विचारून घ्यावे. फक्त पतीचे नाव घालून करार झालाच, तर आधी त्याचा पत्ता बदलून घ्यावा आणि मग कुटुंबप्रमुखाच्या आधारे पत्नीचा पत्ता बदलण्याची जी सोय आधारमध्ये आहे ती वापरावी. तिला नात्याचा पुरावा लागतो, म्हणून स्वतःच्या लग्नाचा दाखला ट्रंकेच्या तळाशी न ठेवता हातपिशवीत ठेवावा. (इतरांना विवाहाचे उतारे देण्यात आयुष्य गेलेल्या आम्हा दोघांना आपला दाखला शोधायला तीन दिवस लागले.) भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवली आहे ना, हे घरमालकाला विचारून घ्यावे आणि तिची पोच मागून घ्यावी. ठाणे आणि नवी मुंबई यांची पोलीस आयुक्तालये वेगवेगळी आहेत हे लक्षात ठेवावे.

गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर गावच्या एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर आणि अनामत रक्कम परत घ्यावी, आणि ते व्हाउचर दाखवून नव्या ठिकाणी जोडणी घ्यावी. नव्या घरी नळाचा गॅस असेल तर सिलिंडर नेण्याचा प्रश्नच उरत नाही. मतदारयादीतील नाव हलवण्यासाठी फॉर्म ८ भरायचा असतो. पेन्शन असेल तर बँकेची जुनी शाखा लगेच बंद करू नये. नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला एकदा नव्या ठिकाणाहून सुरळीत गेला, की मग खाते हलवावे. ज्यांची ७० वर्षे पूर्ण झाली आहेत त्यांना २०२४ पासून, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. ते कार्ड गावाहून निघण्यापूर्वी काढून घेतलेले बरे. वाशी, नेरूळ आणि ऐरोली येथे महापालिकेची रुग्णालये आहेत. पोहोचल्याच्या आठवड्यातच, तब्येत ठणठणीत असतानाच, तिथे जाऊन केसपेपर काढून ठेवावा. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागल्यावर रस्ता विचारत बसण्याची वेळ येऊ नये.

सामान

याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. अर्धे देऊन टाकावे. गावच्या घरातील लोखंडी कपाट, लाकडी झोपाळा आणि पाण्याचा बंब शहरातल्या दोन खोल्यांत मावत नाहीत, आणि जिन्याच्या वळणावर अडकलेल्या कपाटाने आमच्या दोन भिंतींचा रंग खरवडून काढला. दोघांची पंधरा दिवसांची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, चष्मे, कराराची प्रत आणि एक पातेले मात्र ट्रकमध्ये न टाकता आपल्या हातात ठेवावे.

पावसाळ्यात बदली स्वीकारणे शक्यतो टाळावे आणि तसे कचेरीला स्पष्ट लिहावे. नगरकडचे ट्रक बहुधा माळशेज घाटाने मुरबाड–कल्याण मार्गे येतात, आणि जुलैत त्या घाटात धुके व दरडी या दोन्हींची भीती असते. शिवाय पर्जन्यछायेतल्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षे टिकलेली पुस्तके खाडीकाठच्या दमट हवेत एका पावसाळ्यात बुरसतात. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे, डांबरगोळ्या घालाव्यात, आणि पाळकाचा झगा प्लास्टिकच्या पिशवीत बंद न करता सुती चादरीत गुंडाळावा.

पत्ता लिहिताना आधी नोडचे, म्हणजे ऐरोली, नेरूळ अशा वसाहतीचे नाव, मग सेक्टर, मग प्लॉट असा क्रम ठेवावा. नवी मुंबईत प्रत्येक नोडचे सेक्टर १ पासून सुरू होतात, म्हणून नुसते ‘सेक्टर ८, नवी मुंबई’ म्हटल्याने काहीच कळत नाही. आमच्या ट्रकच्या ड्रायव्हरने रात्री साडेनऊला फोन केला, ‘बाई, सेक्टर आठला आलोय, तुमची बिल्डिंग दिसंना.’ तो नेरूळच्या सेक्टर ८ मध्ये उभा होता आणि आम्ही ऐरोलीच्या.

रेल्वे शिकून घेणे

या भागात सेवा करायची तर ट्रान्स-हार्बर मार्ग तोंडपाठ झाला पाहिजे. १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, पण ठाण्याहून खाडीकाठच्या या वसाहतींना जोडणारी लोकल मात्र २००४ मध्ये सुरू झाली. मंडळीतील ज्येष्ठ माणसे ठाणे–बेलापूर रस्त्यावरच्या बसच्या रांगांविषयी अजून बोलतात, ते त्यामुळे. कल्याणकडून येणाऱ्याने ठाण्याला उतरून पुलावरून ९ व १० क्रमांकाच्या फलाटांकडे जावे. गाड्या दोन प्रकारच्या असतात आणि नवखा माणूस इथेच फसतो. तुर्भ्यापर्यंत दोन्ही एकाच वाटेने जातात; पुढे वाशीची गाडी सानपाड्यावरून वाशीला जाते आणि नेरूळ–पनवेलची गाडी जुईनगरकडे वळते.

वाशीच्या रुग्णालयात ऑपरेशनपूर्वी प्रार्थनेसाठी बोलावले असताना मी ऐरोलीहून समोर आली त्या गाडीत चढले. तुर्भे गेले आणि पुढचे स्टेशन जुईनगर असल्याचे कानावर पडले, तेव्हा डबा माझ्याभोवती फिरल्यासारखा झाला. शेजारच्या कॉलेजच्या मुलीने मला जुईनगरला उतरवले आणि मुंबईकडे जाणाऱ्या हार्बरच्या फलाटाकडे बोट दाखवले. तिथून सानपाडा आणि मग वाशी. मी पोहोचले तेव्हा पेशंटला आत नेले होते, आणि बाहेर बसलेल्या त्याच्या बायकोबरोबरच मी प्रार्थना केली. इंडिकेटरवरचे शेवटचे स्टेशन वाचल्याशिवाय डब्यात पाय ठेवू नये. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळांत भेटी ठेवूच नयेत; साठीनंतर त्या गर्दीत उतरणे हे चढण्यापेक्षाही कठीण असते.

पहिले तीन महिने

शहरातील मराठी मंडळी गावातल्या मंडळीसारखी एका आळीत राहत नाही. नगर, जालना, संभाजीनगर, सोलापूर या भागांतून कारखान्यांत, रुग्णालयांत आणि शाळांत नोकरीसाठी आलेली ही कुटुंबे आहेत, आणि ‘तुमचे गाव कोणते’ हा इथल्या भेटीतला पहिला प्रश्न असतो. तो पाळकानेच आधी विचारावा. पुढचा अर्धा तास आपोआप सरतो. पुष्कळदा एकाच इमारतीत इंग्रजी, मल्याळम, तमिळ आणि मराठी उपासना पाठोपाठ चालतात. आमची वेळ दुपारी साडेचारची होती आणि सहाला दुसरी मंडळी दारात उभी राहत असे, त्यामुळे तासभर प्रवचन करण्याची साहेबांची सवय पहिल्याच महिन्यात सुटली. मला विचाराल तर मंडळीच्या दृष्टीने ते चांगलेच झाले.

मुलांना मराठी बोलता येते पण देवनागरी वाचताना ती अडखळतात, हे संडे स्कूलच्या पहिल्याच दिवशी कळते. त्यावर नाराजी दाखवू नये. मी गाण्याची एक ओळ फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहीत असे आणि प्रत्येक मुलाला त्यातला एक शब्द वाचायला देत असे. दिवाळीपर्यंत त्यांची पूर्ण कडवी वाचून होऊ लागली.

घरभेटी सोसायटीच्या फाटकापासूनच सुरू होतात. वॉचमनच्या वहीत नाव, फ्लॅट क्रमांक आणि काम लिहावे लागते. ‘काम’ या रकान्यात ‘कौटुंबिक भेट’ लिहावे आणि आधी फोन केल्याशिवाय कोणाकडेही जाऊ नये. गावात दार उघडे दिसले की आत जाण्याची आमची जन्माची सवय, ती इथे मोडावी लागली. गृहसभा फक्त ज्यांनी बोलावले त्यांच्या घरी, त्यांनी शेजाऱ्यांना आदल्या दिवशी कल्पना दिल्यानंतर घ्यावी. चपला जिन्यात पसरू नयेत, माइक लावू नये, आणि रात्री नऊच्या आत सभा संपवावी. शेजाऱ्यांनी कुतूहलाने काही विचारले तर सरळ उत्तर द्यावे: या कुटुंबाची प्रार्थना आहे, आम्ही त्यांचे पाळक आहोत. आडवळणाच्या उत्तराने नसलेला संशय निर्माण होतो.

लग्नांच्या बाबतीत एक सूचना. शहरात हॉल संध्याकाळचा मिळतो म्हणून कुटुंबे चर्चमधला विधीही उशिराचा मागतात. पण वर उल्लेखिलेल्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे सर्वसाधारणपणे विवाह सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच लावायचा असतो. तारीख ठरवतानाच हे वधूच्या आईला सांगावे, कारण निमंत्रणपत्रिका छापून झाल्यावर कोणी ऐकत नाही. ज्यांना विवाह लावण्याचा परवाना शासनाकडून मिळालेला आहे त्यांनी परवान्यावरील क्षेत्र आणि अटी नव्या ठिकाणाला लागू आहेत का, हे पहिले लग्न लावण्यापूर्वी तपासून घ्यावे.

आणि या तीन महिन्यांत काहीही बदलू नये. उपासनेचा क्रम, भगिनी मंडळाचा वार, हार्मोनियम वाजवणारा भाऊ, सगळे होते तसेच राहू द्यावे. ‘आमच्या नगरला आम्ही असे करायचो’ हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्या सभेत तीनदा गेले. चौथ्यांदा जाण्यापूर्वी सेक्रेटरीबाई नम्रपणे म्हणाल्या, ‘बाई, आमच्याही आधीच्या पाळकीणबाई फार चांगल्या होत्या.’ मी गप्प बसले. त्यांचे बरोबर होते. पत्नीने कोणती कामे करायची हेही मंडळीने गृहीत धरण्याआधी बोलून घ्यावे. साठीनंतर संडे स्कूल, भगिनी मंडळ, गायन आणि स्वयंपाक अशी चारही कामे एकीने उचलू नयेत. मी दोन घेतली आणि दोन कोणाला द्यायची ते कमिटीला विचारले.

जुनी मंडळी

फोन येत राहतात. कोणाचे बारसे, कोणाचे दफन, आणि मधूनच ‘नव्या साहेबांना काही समजत नाही’ अशी तक्रार. पहिले वर्षभर लग्न किंवा दफन यांसाठी पाळक म्हणून परत जाऊ नये; जायचेच तर तिथल्या पाळकांनी स्वतः बोलावल्यावर जावे आणि मागच्या बाकावर बसावे. तक्रार ऐकून घ्यावी, पण नव्या साहेबांविषयी एक शब्दही बोलू नये, कारण तो शब्द दुपारपर्यंत त्यांच्या घरी पोहोचलेला असतो. नुसते भेटायला जाण्यास कोणाची हरकत नसते: एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे, आणि ७५ नंतर प्रवास मोफत, त्यासाठी आधार कार्ड जवळ ठेवावे. मी वर्षातून एकदा, जत्रा-सुगी आटोपल्यावर जाते, सकाळच्या गाडीने निघते आणि ज्या म्हातारीच्या उजव्या बाजूला बसायचे असते तिच्याकडे जेवते. नव्या पाळकीणबाई मला तिथेच भेटतात. मागच्या खेपेस मी दारात पाऊल टाकले तेव्हा म्हातारीची उजवी बाजू त्यांनी आधीच धरली होती, म्हणून मी समोर बसले.